केंब्रिज एका दिवसात : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

केंब्रिज स्टेशनवर उतरलेला नवखा माणूस हमखास विचारतो, "युनिव्हर्सिटी कुठे आहे?" गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठासारखं एक फाटक असेल, आत एक मोठी इमारत असेल, असं त्याच्या डोक्यात असतं. इथे तसं काही नाही. १२०९ सालापासून चालत आलेलं हे विद्यापीठ म्हणजे गावभर विखुरलेली ३१ कॉलेजं, आणि त्यांच्या अधेमधे पसरलेल्या प्रयोगशाळा, ग्रंथालयं, संग्रहालयं. प्रत्येक कॉलेजचं फाटक वेगळं, वेळा वेगळ्या, तिकीट वेगळं. आणि ही कॉलेजं म्हणजे विद्यार्थ्यांची राहती घरं आहेत. परीक्षा असली, समारंभ असला की फाटक बंद.

म्हणून इथे "काय बघायचं" याआधी "कोणतं दार कधी उघडं असतं" हे कळायला हवं. ते कळलं की एका दिवसात केंब्रिज छान बघून होतं. नाही कळलं तर दिवसभर बंद दारांचे फोटो काढून लोक परत जातात.

१. आधी तारीख, मग तिकीट

इथल्या वर्षात तीन सत्रं असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर मायकेलमस, जानेवारी ते मार्च लेंट आणि एप्रिल ते जून ईस्टर. प्रत्येक सत्रात शिकवण्याचे आठवडे जेमतेम आठ.

सगळ्यात फसवा काळ म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. हवा सुंदर, बागा फुललेल्या, भारतातून आईवडील भेटीला येतात तेही नेमके याच दिवसांत. पण हाच परीक्षेचा हंगाम. बरीच कॉलेजं या काळात पाहुण्यांना आत घेत नाहीत, काही फक्त चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनामंदिर, उघडं ठेवतात. या दिवसांत यायचंच असेल तर नदी, संग्रहालयं आणि ग्रँटचेस्टर या जवळच्या खेड्याची पायवाट यांवर भर द्या, कॉलेजांची आशा कमी ठेवा.

सोमवार टाळा. विद्यापीठाची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. नाताळच्या आसपास तर निम्मं गाव बंद. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधली नाताळच्या आदल्या दिवशीची गीतसेवा १९१८ पासून चालू आहे आणि तिच्यासाठी उसळणारी गर्दी पहिल्या भेटीला झेपणारी नाही.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. सत्र सुरू असतं म्हणजे किंग्जच्या चॅपलमध्ये संध्याकाळची गायनसेवा असते, भिंतींवरचे वेल लाल झालेले असतात आणि उन्हाळ्यातली झुंबड ओसरलेली असते. मार्चमध्ये केंब्रिज फेस्टिव्हल असतो. विद्यापीठातली माणसं आपलं काम सामान्यांना समजावून सांगतात, बहुतेक कार्यक्रम मोफत असतात. शाळकरी मुलं बरोबर असतील तर हा काळ चांगला.

२. बरोबर काय न्यायचं

- ट्रेनचं तिकीट, आणि रेलकार्ड (भाड्यात सवलत देणारं कार्ड) असेल तर तेही. रेलकार्ड दाखवता आलं नाही तर सवलतीचं तिकीट बिनतिकीट प्रवासासारखंच धरलं जातं.
- चॅपल किंवा कॉलेजचं आधी काढलेलं तिकीट. फोनमध्ये उघडून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र, ज्येष्ठ नागरिक असाल तर वयाचा पुरावा. सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.
- बँकेचं कार्ड. बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत.
- पाणी आत न येणारं, टोपी असलेलं जाकीट. नदीवरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते.
- रबरी तळाचे, पकड असलेले बूट. फरशा गोट्यांच्या आहेत आणि पंट, म्हणजे इथली सपाट तळाची होडी, ओली असते.

मोठी बॅग आणू नका. किंग्जच्या चॅपलमध्ये सामान घेऊन सोडत नाहीत. विमानातून उतरून थेट केंब्रिज करायचा बेत असेल तर तो इथेच बदला.

३. लंडनहून येताना

दोन मार्ग आहेत. किंग्ज क्रॉसहून सुटणारी जलद गाडी साधारण ५० मिनिटांत पोचते. लिव्हरपूल स्ट्रीटहून येणाऱ्या गाडीला तास-सव्वा तास लागतो, पण पूर्व लंडनमध्ये राहत असाल तर तीच सोयीची.

फसगत होते ती तीन ठिकाणी.

पहिली, तिकिटावरची अट. स्वस्त तिकीट बऱ्याचदा एकाच रेल्वे कंपनीपुरतं असतं. लिव्हरपूल स्ट्रीटच्या कंपनीचं तिकीट घेऊन किंग्ज क्रॉसच्या गाडीत बसलात तर ते चालत नाही. तिकिटावर "ओन्ली" हा शब्द दिसला तर त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाचा.

दुसरी, वेळ. आठवड्याच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ऑफ-पीक तिकीट चालत नाही. शनिवार-रविवारी ही अडचण नसते. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह ही सवलत शोधा. ऑफ-पीक भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कार्ड लागत नाही.

तिसरी, स्टेशन. "केंब्रिज नॉर्थ" हे २०१७ मध्ये झालेलं वेगळं स्टेशन आहे आणि ते गावापासून बरंच लांब आहे. नुसतं "केंब्रिज" लिहिलंय तिथेच उतरायचं.

गाडी घेऊन येणार असाल तर गावात शिरूच नका. मध्यभागातले रस्ते अरुंद आहेत, पार्किंग महाग आहे, काही ठिकाणी गाडीला मज्जावच आहे. मॅडिंगली रोड, ट्रम्पिंग्टन, बॅब्रहम, न्यूमार्केट रोड आणि मिल्टन अशा पाच ठिकाणी "पार्क अँड राइड" आहे. गाडी तिथे लावा आणि बसने आत या.

४. स्टेशनपासून गावापर्यंत

अंतर सुमारे दोन किलोमीटर. बस मिळते, पण पाय धड असतील तर चाला. हिल्स रोड सरळ पुढे रीजंट स्ट्रीट होतो आणि उजव्या हाताला पार्कर्स पीस नावाचं मोठं हिरवं मैदान लागतं. विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये फुटबॉलचे "केंब्रिज नियम" तयार केले, त्यांचं नातं या मैदानाशी सांगितलं जातं. जवळच विद्यापीठाचं फेनर्स हे क्रिकेटचं मैदान आहे. १८९३ मध्ये केंब्रिजचं "ब्लू", म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळवणारे रणजितसिंहजी याच मैदानावर खेळले.

रस्ता ओलांडताना गाड्यांपेक्षा सायकलींकडे लक्ष द्या. त्यांचा आवाज येत नाही, त्या वेगात असतात आणि एकदिशा रस्त्यावर उलट्या बाजूनेही येऊ शकतात. ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना उघडे, खोल पन्हळ आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावात झऱ्याचं स्वच्छ पाणी आणण्यासाठी जो कालवा काढला, त्याचा तो भाग. वर बघत चालणाऱ्याचा पाय नेमका त्यात जातो. ज्येष्ठ मंडळींना आधीच सांगून ठेवा.

५. किंग्ज कॉलेज चॅपल: सकाळी पहिल्यांदा

एकच इमारत आतून बघायची असेल तर ही. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा, जमलं तर दिवसातली पहिली वेळ. दहा-साडेदहानंतर बसने येणारे गट सुरू होतात. ध्वनिमुद्रण किंवा तालमीसाठी चॅपल ऐनवेळी बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर त्या दिवसाची नोंद बघाच.

आत जाण्याआधी बाहेरून भिंत बघा. सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये पाया घातला. पुढे राजगादीवरून यादवी पेटली, पैसा आटला, काम थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा दगड दुसऱ्या खाणीतून आला. म्हणून भिंतीत खाली पांढुरका दगड आणि वर थोडा पिवळसर गडद, अशी सीमारेषा दिसते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ती पायऱ्यांसारखी उतरत जाते, कारण काम पूर्वेकडे जास्त चढलं होतं. एका युद्धाने बांधकाम कुठे थांबवलं, ते भिंतीवर बोट ठेवून दाखवता येतं.

आत गेल्यावर लगेच फोटो काढायला लागू नका. दारातून थोडं पुढे या आणि मान वर करा. जॉन वॅस्टेल या गवंड्याच्या हाताखाली १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत हे छत झालं. पंख्याच्या काड्या उलगडाव्यात तशा दगडी फासळ्या प्रत्येक खांबातून पसरतात आणि मध्यावर समोरून येणाऱ्या फासळ्यांना भिडतात. या प्रकारचं जगातलं सगळ्यात मोठं छत हेच. जमिनीपासून उंची २४ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. छताचा रेटा बाहेरच्या जाड धिऱ्यांवर उतरवलाय, त्यामुळे मधली सगळी भिंत काचेला मोकळी सोडता आली. खिडक्यांची रंगीत काचही बहुतांश सोळाव्या शतकातलीच आहे.

मधल्या लाकडी पडद्यावर एच आणि ए ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली शोधा. आठवा हेन्री आणि ॲन बोलिन. लग्न १५३३ मध्ये, तिचा शिरच्छेद १५३६ मध्ये. त्यामुळे पडद्याचा काळ आपोआप ठरतो. अगदी पुढे वेदीवर रुबेन्सचं मोठं चित्र आहे. एवढं बघायला पाऊण तास ठेवा.

हिरवळीवर पाय ठेवू नका. कॉलेजांच्या हिरवळीवरून चालायचा हक्क फक्त तिथल्या फेलोंना, म्हणजे कॉलेजच्या सदस्य-अध्यापकांना असतो. फाटकापाशी काळ्या कोटातले पोर्टर असतात, त्यांचं म्हणणं शेवटचं. आदराने विचारलंत तर बंद असलेल्या भागाची वेळही ते सांगतात.

६. रँग्लरांचा रस्ता

किंग्जमधून बाहेर पडून डावीकडे वळलात की पांढरी, उंच खांबांची इमारत लागते. हे सेनेट हाऊस, १७३० साली पुरं झालेलं. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं. "रँग्लर" ही पदवी आपल्याकडे नावाच्या आधी लागते, ती इथली. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर, आणि त्यांत पहिला आलेला तो सीनियर रँग्लर. निकाल इथेच जाहीर होत. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. क्रमांक जाहीर करायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली.

परांजप्यांचं कॉलेज सेंट जॉन्स इथून पाच-सात मिनिटांवर आहे, याच रस्त्याने सरळ. तिकीट घेऊन आत जाता येतं. एकामागून एक चौक ओलांडत नदीपर्यंत जा. तिथे १८३१ मध्ये बांधलेला, दगडी जाळीचा, वरून झाकलेला ब्रिज ऑफ साइज आहे. त्याचा चांगला फोटो शेजारच्या जुन्या किचन ब्रिजवरून मिळतो.

वाटेत ट्रिनिटी लागतं. दारावरच्या आठव्या हेन्रीच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, नीट बघा. दाराच्या उजव्या अंगाला हिरवळीवर लहानसं सफरचंदाचं झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाच्या वंशातलं, १९५४ मध्ये लावलेलं. त्याखाली सफरचंद पडायची वाट बघू नका, न्यूटनला ते त्याच्या गावी दिसलं होतं.

रामानुजन १९१४ मध्ये इथेच आले आणि १९१८ मध्ये ट्रिनिटीचे फेलो झाले. त्यांची "हरवलेली वही" म्हणून ओळखली जाणारी पानं १९७६ मध्ये सापडली ती याच कॉलेजच्या रेन लायब्ररीत. १६९५ मध्ये पुरी झालेली ही लायब्ररी बाहेरच्यांना दिवसातले मोजकेच तास उघडी असते आणि एका वेळी थोड्याच माणसांना आत घेतात. तिची वेळ आधी बघा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा, उलट करू नका. गणिताची ओढ असेल तर किंग्जनंतरचा पहिला हक्क हिचा.

वेळ उरला तर जीझस कॉलेज. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, इथले विद्यार्थी. दोन उंच भिंतींमधून जाणाऱ्या लांबट वाटेने, जिला इथे "चिमणी" म्हणतात, आत जायचं. गर्दी नावाला नसते.

७. बेनेट स्ट्रीटचा कोपरा: पंधरा मिनिटं

किंग्जसमोरच्या या छोट्या रस्त्यावर तीन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, तिन्ही फुकट. कोपऱ्यावर काट्यांशिवाय चालणारं, सोन्याचा मुलामा दिलेलं कॉर्पस क्लॉक, २००८ मध्ये बसवलेलं. वर नाकतोड्यासारखा प्राणी बसलाय तो एकेक सेकंद खातो. हे घड्याळ मुद्दाम अडखळतं आणि दर पाच मिनिटांनीच तंतोतंत बरोबर असतं, तेव्हा गाडीची वेळ त्यावर बघू नका. पलीकडे सेंट बेनेट्स चर्चचा मनोरा, गावातली सगळ्यात जुनी उभी वास्तू, नॉर्मन लोक इंग्लंडात यायच्या आधीची. आणि समोर ईगल हा पब. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकने डीएनएची रचना उलगडल्याची बातमी इथे जेवायला बसलेल्यांना सांगितली.

मागच्या फ्री स्कूल लेनमध्ये जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची इमारत आहे. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तो इथे.

८. पंटिंग: आधी वाचा, मग उतरा

पंट म्हणजे सपाट तळाची, साधारण २४ फूट लांब, उथळ होडी. वल्हं नाही. सुमारे पाच मीटरच्या काठीने तळाला रेटा देत ती ढकलायची. कॅम नदी बऱ्याच ठिकाणी कंबरभरच खोल आहे म्हणून हे जमतं. किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी, सेंट जॉन्स यांच्या मागच्या अंगणांमधून नदी जाते, त्या भागाला "बॅक्स" म्हणतात. जी कॉलेजं त्या दिवशी बंद आहेत, तीही पाण्यातून दिसतात. म्हणून परीक्षेच्या काळात आलेल्यांनी पंटिंग चुकवू नये.

दोन पर्याय आहेत. नावाडी बरोबर घेतलात तर पाऊण तासाची सफर होते आणि तो माहितीही सांगतो. त्यातल्या गोष्टी निम्म्या खऱ्या धरा. "गणिती पूल न्यूटनने एकही बोल्ट न वापरता बांधला" हे हमखास ऐकाल. क्वीन्स कॉलेजचा तो लाकडी पूल १७४९ चा, न्यूटन वारला १७२७ मध्ये, आणि पुलाला बोल्ट आहेत.

रस्त्यात गळ घालणाऱ्या विक्रेत्यांशी लगेच व्यवहार करू नका. सफर वाटून आहे की स्वतंत्र, किती मिनिटांची, बॅक्सचीच ना, हे विचारा. ऑनलाइन भाव बहुतेकदा कमी असतो.

स्वतः चालवायची असेल तर तासाच्या भाड्याने मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळीच घ्या. शनिवारी दुपारी नदीत होड्यांची इतकी दाटी होते की शिकायला जागा उरत नाही.

चालवायची रीत अशी:

(क) मागच्या सपाट फळीवर उभे राहा, तोंड पुढे, पाय थोडे फाकून. एकदा उभे राहिलात की पाय हलवू नका, हात हलवा. बाकीच्यांनी खाली बसूनच राहायचं.

(ख) काठी होडीच्या अगदी कडेला, उभी धरा आणि मुठी सैल करून सोडा. ती आपल्या वजनाने तळाला टेकते. इथे नवखा माणूस काठी पुढच्या बाजूला तिरकी टाकतो, मग तीच होडीला अडवते.

(ग) तळ लागला की एका हातावर दुसरा असं काठीवर चढत मागे रेटा द्या. जोर खांद्याने नको, अंगाच्या भाराने.

(घ) रेटा संपला की काठी किंचित पिळा आणि मग ओढा. पिळल्याने चिखलाची पकड सुटते.

(च) लगेच वर उचलू नका. काठी मागे पाण्यात तरंगत राहू द्या, तेच तुमचं सुकाणू. उजवीकडे वळायचं तर काठीचं मागचं टोक उजवीकडे न्या, डावीकडे तर डावीकडे. नवख्यांच्या होड्या काठाला धडकतात त्या ही पायरी गाळल्यामुळे.

काठी चिखलात रुतली आणि होडी पुढे निघाली तर काठी सोडून द्या. पडतात ते सगळे काठीला धरून राहिलेले असतात. होडीत एक छोटं वल्हं ठेवलेलं असतं, त्याने मागे येऊन काठी काढा. पुलाखाली काठी आडवी करा, मान खाली घाला, पुलाला हाताने धरू नका. समोरून होडी आली की आपण उजवीकडून जायचं, भारतातल्या रस्त्याच्या उलट.

बॅक्सच्या पट्ट्यात नदीच्या मधोमध तळ खडीचा आहे. कॉलेजांनी काठावर घोडे चालू दिले नाहीत म्हणून मालाच्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी पाण्यातच वाट केली होती, तिचा तो भराव. तिथे काठी कट्कन टेकते आणि सहज सुटते. कडेला गेलात की चिखल. आवाजावरून फरक कळायला लागला की समजा, हात बसला.

फोन आणि चष्म्याला दोरी लावा. बाह्या कोपराच्या वर करा, काठीवरचं पाणी सरळ काखेत जातं.

९. दुपार: एकच संग्रहालय निवडा

फिट्झविल्यम मोठं आहे आणि मोफत आहे. चित्रं, नाणी, इजिप्तच्या शवपेट्या, दीड तास सहज जातो. मुलं असतील तर डाउनिंग स्ट्रीटवरचं प्राणिशास्त्राचं संग्रहालय घ्या, दारातच वर टांगलेला फिन व्हेलचा अखंड सांगाडा आहे. वैज्ञानिक उपकरणांची आवड असलेल्यांना व्हिपल. पाऊस नसेल आणि पाय थकले नसतील तर संग्रहालय सोडून ग्रँटचेस्टरला चाला: नदीकाठच्या कुरणातून सुमारे तीन किलोमीटर, वाटेत चरणाऱ्या गाई. पावसानंतर ही वाट घोट्याएवढ्या चिखलाची होते.

गाव वरून बघायचं असेल तर ग्रेट सेंट मेरीज चर्चचा मनोरा. १२३ पायऱ्या, जिना चक्री आणि अरुंद, वर लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

१०. संध्याकाळ: तिकिटाशिवाय चॅपल

सत्र सुरू असताना किंग्जच्या चॅपलमध्ये आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी साधारण साडेपाचला इव्हनसाँग, म्हणजे सायंप्रार्थनेचं गायन असतं. प्रवेश मोफत, धर्माची अट नाही. त्या आठवड्याचा कार्यक्रम वेबसाइटवर बघा आणि अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. फोन बंद, फोटो नाहीत, मधेच उठून जाणं नाही. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, बाकी काही करावं लागत नाही. सोळा मुलगे आणि कॉलेजमधले तरुण गायक मिळून गातात. सकाळी ज्या छताखाली उभे होतात ते आता अंधारात गेलेलं असतं आणि स्वर थांबल्यावरही काही क्षण वर रेंगाळतो.

सेवा सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास संपते. स्टेशनपर्यंत चालायला पंचवीस मिनिटं धरा आणि त्या हिशेबाने परतीची गाडी सातच्या नंतरची ठेवा.